स्विंगनंतरचा जॅझ: सोलोच्या आधी ठेका ऐका

प्रश्न असा आहे: "काउंट बेसी, बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन ऐकताना पाय आपोआप हलतो. चार्ली पार्करपासून पुढचं मात्र डोक्यावरून जातं. स्विंगनंतर जॅझ इतका का बदलला? बीबॉप, कूल, हार्ड बॉप, मोडल, फ्री ही नावं पाठ झाली, पण कानाला फरक कळत नाही. तो कसा कळावा?"

मी सॅक्सोफोन वाजवतो आणि शिकवतो. माझ्याकडे येणारे बरेच जण याच जागी अडलेले असतात, आणि अडण्याचं कारणही सहसा एकच असतं: सगळं लक्ष सोलो, म्हणजे एकट्याने पुढे येऊन, वाजवणाऱ्यावर असतं. पार्करच्या सॅक्सोफोनवरच्या सुरांचा वेग पाहूनच माणूस गांगरतो आणि त्याच्या मागे काय चाललंय ते ऐकायचं राहून जातं. म्हणून माझं सांगणं आहे की काही दिवस सोलोकडे लक्षच देऊ नका. ड्रमरचा उजवा हात ऐका, पियानोवाल्याचा डावा हात ऐका, आणि डबल बेस, म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य, सोडू नका. स्विंगनंतरची प्रत्येक शैली या तिघांनी आपापसांत काम कसं वाटून घेतलं, त्यावरून ओळखता येते. पुढे उभ्या असलेल्या सॅक्सोफोन-ट्रंपेटला किती मोकळीक मिळणार, हे मागे ठरतं.

आधी स्विंगमध्ये हे वाटप कसं होतं ते पाहू. साधारण १९३५ ते १९४५ या काळातला बिग बँड म्हणजे पंधरा-एक माणसं आणि समोर नाचणारी गर्दी. बहुतेक बँडांत ड्रमर पायाने बेस ड्रमवर चारही मात्रा देत असे, गिटारवाला त्याच चार मात्रांवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, वाजवी, बेस चालत राही आणि पियानोही तेच भरून काढी. म्हणजे एकच लय चार जण एकाच वेळी सांगत होते. पाय हलणार नाही तर काय होईल! बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीनची गिटार आणि वॉल्टर पेजचा बेस ऐका. तिथे जो जोन्सने ठेका बेस ड्रमवरून उचलून हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या दोन पितळी थाळ्यांवर, आणायला सुरुवात केली होती आणि बेसी स्वतः अगदी मोजके सूर टाकत असे. पुढच्या बदलाचं बी तिथेच आहे.

आपल्याकडच्या कानाला हा ठेका परका वाटत नाही, त्यालाही कारण आहे. मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडांमध्ये वाजवणारे गोव्याचे वादक सिनेसंगीतात आले आणि स्विंग सोबत घेऊन आले. सी. रामचंद्रांच्या १९५१च्या 'अलबेला'त ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आहे. तो मूळचा गोव्यातल्या हळदोण्याचा. त्यामुळे स्विंग आपण नकळत ऐकत मोठे झालो. बीबॉप, म्हणजे पार्करच्या पिढीने आणलेली नवी शैली, त्या वाटेने घरात आला नाही.

आता बदल का झाला. त्यात कलेची भूक होतीच, पण पोटापाण्याची कारणंही तेवढीच मोठी होती. युद्धात वादक सैन्यात गेले. पेट्रोल आणि टायर रेशनवर आले, त्यामुळे बसमधून गावोगाव फिरणारे मोठे बँड परवडेनासे झाले. १९४४ साली अमेरिकेत जिथे नाच किंवा गाणं चालतं अशा ठिकाणांवर ३० टक्के कर लागला. तो त्याच वर्षी २० टक्क्यांवर आला, तरी ओझं राहिलंच. नुसतं वाद्यवादन आणि बसून ऐकणारे लोक असतील तर हा कर लागत नसे. मग छोट्या क्लबमालकाला चार-पाच जणांचा वाद्यवृंदच सोयीचा ठरला. नाचणारे गेले, ऐकणारे आले, आणि चारही मात्रा ठोकून सांगायची गरज संपली.

त्यातच १ ऑगस्ट १९४२पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. डेका कंपनीने १९४३मध्ये तडजोड केली, कोलंबिया आणि आरसीए व्हिक्टर १९४४च्या नोव्हेंबरपर्यंत अडून राहिल्या. नवं संगीत ज्या काळात आकार घेत होतं, नेमक्या त्याच काळातल्या रेकॉर्ड फार थोड्या आहेत. म्हणून १९४५मध्ये बीबॉप लोकांच्या कानावर आला तेव्हा तो आकाशातून पडल्यासारखा वाटला. आजही स्विंगच्या प्लेलिस्टवरून थेट पार्करवर उडी मारणाऱ्याला तसंच वाटतं. त्यात ऐकणाऱ्याची चूक नाही, मधला दुवाच कमी आहे.

तो दुवा हार्लेममधल्या ११८व्या रस्त्यावर होता, मिंटन्स प्लेहाउस या क्लबात. तिथे थेलोनियस मंक पियानोवर आणि केनी क्लार्क ड्रमवर असे. क्लार्कने ठेका राइड सिंबल या मोठ्या पितळी थाळीवर नेला. टिंग, टिंग-टि-टिंग, असा हलका आणि अखंड. बेस ड्रमचा पाय मोकळा झाला, आणि तो आता सोलो वाजवणाऱ्याला मध्येच एखादी ठोसदार खूण देण्यासाठी वापरता येऊ लागला. वादक त्या ठोशांना 'बॉम्ब' म्हणायचे. याच वाजवण्यापायी टेडी हिलने क्लार्कला आपल्या बँडमधून काढलं होतं. पुढे मिंटन्सची व्यवस्था हिलच्या हाती आली तेव्हा त्यानेच क्लार्कला बोलावून घेतलं. ड्रमवरची लय जमिनीवरून सिंबलवर गेली, ही माझ्या दृष्टीने आधुनिक जॅझमधली सगळ्यात मोठी घटना आहे. पार्करचं वेगळेपण या मोकळ्या केलेल्या जागेत उमटलं.

पियानोनेही तेच केलं. डाव्या हाताची एकसारखी चाल गेली आणि अधूनमधून, अनपेक्षित जागी कॉर्ड टाकणं सुरू झालं. याला कॉम्पिंग म्हणतात. सतत चार मात्रा सांगायचं काम एकट्या बेसवर आलं. म्हणून बीबॉप ऐकताना हरवलात तर बेस धरा, तो कधी सोडून जात नाही.

आता सोलोकडे येऊ, पण एकाच गोष्टीपुरते. जी सेव्हन हा कॉर्ड घ्या. त्यातले सूर, पाश्चात्त्य नावांनी, जी, बी, डी, एफ. वरच्या जीपासून खाली आठव्या भागाच्या सुरांत, म्हणजे प्रत्येक मात्रेला दोन सूर असे उतरत जा: जी, एफ, ई, डी, सी, बी, ए. सात सूर आहेत, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर कॉर्डबाहेरचे सी आणि ए येतात आणि ओळ कॉर्डपासून निसटते. बीबॉपवाल्यांनी जी आणि एफच्या मध्ये एफ शार्प घातला. आता मोजा: पहिल्या मात्रेवर जी, दुसऱ्यावर एफ, तिसऱ्यावर डी, चौथ्यावर बी. चारही मात्रांवर कॉर्डचेच सूर, आणि पुढच्या बारच्या (इथे चार मात्रांचा एक गट) पहिल्या मात्रेवर पुन्हा जी. एका जादा सुराने अख्खी ओळ कॉर्डला बांधली गेली. पियानोवाला गप्प असला तरी सॅक्सोफोनच्या एकेरी ओळीतून कॉर्ड ऐकू येतो तो यामुळे. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे आधी सावकाश, मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) ६० वर लावून वाजवायला लावतो. एकदा हाताला कळलं की पार्करचा वेग घाबरवत नाही, कारण त्या वेगातही सूर कुठे उतरणार आहे हे कान आधीच ओळखतो.

दुसरी युक्ती बदली कॉर्डची. जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन वाजवायचा. दोन्हींत एफ आणि बी हे दोन कळीचे सूर सामाईक आहेत, त्यामुळे सी मेजरला घरी यायची ओढ तशीच राहते, फक्त बेस अर्ध्या सुराने घसरत येतो. नाचाच्या बँडमध्ये वाढलेल्या कानाला हा रंग विचित्र वाटला असणार, यात नवल नाही.

पार्करची 'को-को' २६ नोव्हेंबर १९४५ला सॅव्हॉय कंपनीसाठी मुद्रित झाली. तिच्याखाली 'चेरोकी' या १९३८च्या गाण्याचे ६४ बारांचे कॉर्ड आहेत, वेग मिनिटाला ३००च्या आसपास. पहिल्या टेकमध्ये मूळ गाण्याची चाल सुरू झाली आणि लगेच थांबवली गेली. जुन्या कॉर्डवर नवी चाल बसवायची ही पद्धत बीबॉपमध्ये सर्रास दिसते. 'हाउ हाय द मून'च्या कॉर्डवर 'ऑर्निथॉलॉजी', 'आय गॉट ऱ्हिदम'च्या कॉर्डवर कितीतरी. कॉपीराइट चालीवर असतो, कॉर्डच्या क्रमावर नसतो, त्यामुळे रॉयल्टी वाचे. पण याचा ऐकणाऱ्यालाही फायदा आहे. मूळ गाणं आधी ऐकून गुणगुणता येईल एवढं पाठ करा, मग पार्कर लावा आणि मनात ते गाणं चालू ठेवा. दोन्ही एकाच घरात राहतात हे लक्षात येईल.

मंक इथे थोडा बाजूला काढून ऐकावा लागतो. बाकीचे जागा भरत होते, तो मोकळी सोडत होता. न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवण्याचा परवाना १९५१मध्ये गेल्यामुळे तो अनेक वर्षं तिथे जाहीर वाजवू शकला नाही. १९५७मध्ये फाइव्ह स्पॉट क्लबात जॉन कोल्ट्रेनला घेऊन परतला, आणि कोल्ट्रेनच्या वाजवण्याला तिथे मोठं वळण मिळालं.

कूलबद्दल मी फार लिहिणार नाही. ती शैली वाईट आहे असं नाही, पण तिच्यात लयीपेक्षा रंगाची गोष्ट जास्त आहे. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा नऊ जणांचा बँड १९४८च्या सप्टेंबरात रॉयल रूस्ट क्लबात वाजला आणि १९४९-५०मध्ये कॅपिटल कंपनीसाठी मुद्रित झाला. त्यात फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा आहेत. गिल एव्हान्स, जेरी मलिगन, जॉन लुइस यांनी बीबॉपचे कॉर्ड तेच ठेवून आवाज मऊ केला. यातला मलिगन पुढे लॉस एंजेलिसला गेला आणि १९५२मध्ये चेट बेकरला घेऊन त्याने पियानोच काढून टाकला. ट्रंपेट, बॅरिटोन सॅक्सोफोन, बेस, ड्रम. दोन एकेरी सुरावटींमधून कॉर्ड कसा उभा राहतो हे शिकायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

हार्ड बॉप मात्र मी रोज ऐकतो. १९५४-५५च्या सुमाराला ड्रमर आर्ट ब्लेकी आणि पियानोवादक होरेस सिल्व्हर यांनी बीबॉपची भाषा तशीच ठेवून तिच्यात चर्चमधलं गाणं आणि ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं जुनं गाणं परत आणलं. ब्लेकीचा हाय-हॅट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असा मिटतो की चुकायची सोय नाही. सोलोचा एक फेरा, म्हणजे गाण्याच्या कॉर्डची एक पूर्ण आवृत्ती, संपत आला की स्नेअर या छोट्या ड्रमवर त्याचा दाबलेला रोल उसळतो आणि पुढच्या फेऱ्यात सगळ्यांना ढकलून देतो. १९५८ची 'मोनिन' लावा: पियानो एक ओळ म्हणतो आणि बाकीचे दोन कॉर्डमध्ये 'आमेन' म्हणून उत्तर देतात. इथे पाय पुन्हा हलू लागतो. पार्कर जड जात असेल त्याने इथूनच आत शिरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इतिहास पुढे सरकतो त्याच क्रमाने कानाने जायला हवं असं काही नाही.

याच काळात एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, रुळली. १० इंची ७८ आरपीएमच्या तबकडीवर तीनेक मिनिटं मावत, म्हणून पार्करचे सोलो दोन-तीन फेऱ्यांत संपतात. १९४८मध्ये कोलंबियाने एलपी काढली आणि पन्नाशीच्या दशकात वादकाला ऐसपैस जागा मिळाली. सनी रोलिन्स १९५६च्या 'ब्लू सेव्हन'मध्ये एकच छोटा तुकडा घेऊन तो उलटसुलट करत, तोडत, जोडत मिनिटामागून मिनिटं उभी करतो. हाच रोलिन्स पुढे काही काळ वादन थांबवून पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, आणि १९७८च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात मुंबईत वाजवून गेला.

आता १९५९. शैलींचा तक्ता एकाखाली एक मांडणाऱ्यांनी या एका वर्षाकडे नीट बघावं. मार्च-एप्रिलमध्ये माइल्सची 'काइंड ऑफ ब्लू', मे महिन्यात कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स'चं मुद्रण, त्याच मे महिन्यात सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनची 'द शेप ऑफ जॅझ टु कम', आणि पाच मात्रांची 'टेक फाइव्ह' ज्यात आहे ती डेव्ह ब्रुबेकची 'टाइम आउट'. शैली एकामागून एक आल्या नाहीत, एकाच वर्षात, कधीकधी एकाच माणसात, शेजारी शेजारी नांदत होत्या. 'काइंड ऑफ ब्लू'वर कोल्ट्रेनच आहे. 'जायंट स्टेप्स'मध्ये कॉर्ड दर दोन मात्रांना बदलतात आणि बी, जी, ई फ्लॅट अशा तीन घरांमध्ये, म्हणजे तीन मूळ सुरांमध्ये, गरगर फिरतात. बीबॉपने कॉर्डला बांधून घेतलं त्याचं हे टोक. मुद्रणात टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवादक सोलोत अडखळताना ऐकू येतो, इतकं ते अवघड आहे. आणि तोच कोल्ट्रेन 'सो व्हॉट'मध्ये सोळा बार एकाच स्वरसमूहावर उभा आहे.

'सो व्हॉट'चा आराखडा सोपा आहे, आणि मोडल म्हणतात ते हेच: कॉर्डच्या साखळीऐवजी एकेका स्वरसमूहावर वाजवणं. डी डोरियन (डीपासून सुरू होणारा डोरियन नावाचा स्वरसमूह) सोळा बार, अर्धा सूर वर ई फ्लॅट डोरियन आठ बार, परत डी डोरियन आठ बार. बेस प्रश्न विचारतो आणि बाकीचे दोन कॉर्डमध्ये उत्तर देतात. पियानोवर बिल एव्हान्सने त्या उत्तरात चौथ्या अंतरावरचे सूर रचले, त्यामुळे कॉर्ड कुठे ओढत नाही, नुसता तरंगतो. घरी परतायची घाईच उरत नाही. रागसंगीत ऐकून तयार झालेल्या कानाला हे चटकन पटतं, आणि इथेच मी विद्यार्थ्यांना थांबवतो. डोरियन म्हणजे काफी थाटाचे सूर असतील, पण त्याला चलन नाही, वादी-संवादी नाही, पकड नाही. रागात कुठून कसं जायचं याचे संकेत असतात. मोडलमध्ये ते नाहीत, म्हणून वाजवणाऱ्याला सुरावटीचा आकार दर वेळी नव्याने शोधावा लागतो. शिवाय ते आठ बार अर्धा सूर वर सरकतात तेव्हा षड्जच हलतो. काफी गाऊन 'सो व्हॉट' वाजवता येत नाही, याचा अनुभव आपल्याकडच्या चांगल्या-चांगल्या वादकांना येतो.

कोल्ट्रेनने मोडल वाट पुढे नेली ती पियानोवादक मॅकॉय टायनर आणि ड्रमर एल्विन जोन्स यांच्या जोरावर. एल्विन प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून ते सगळ्या ड्रमवर पसरतो, सिंबलवरची टिंग-टि-टिंग त्या लाटांत बुडून जाते. कोल्ट्रेन रविशंकरांचं वादन मन लावून ऐकत होता. १९६१मध्ये व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबात त्याने 'इंडिया' मुद्रित केलं, आणि १९६५मध्ये झालेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं.

फ्री जॅझबद्दल गैरसमज फार आहे. ऑर्नेटने पियानो काढला आणि ठरलेले कॉर्ड सोडले, पण ठेका सोडला नाही. 'लोनली वुमन' ऐका: बिली हिगिन्सचा सिंबल झपाझप धावतोय, चार्ली हेडनचा बेस खाली वेगळंच काही धरून आहे आणि दोन्ही हॉर्न, म्हणजे फुंकून वाजवायची वाद्यं, त्यावर संथ, मोकळी चाल म्हणतायत. गोंधळ कुठेच नाही. १९६०च्या डिसेंबरात त्याने दोन चौकड्या एकत्र बसवून 'फ्री जॅझ' मुद्रित केलं, ३७ मिनिटांचं सलग वादन. नियमित ठेकाही सोडण्याचं काम सेसिल टेलर आणि अल्बर्ट आयलर यांच्याबरोबर वाजवणाऱ्या सनी मरेसारख्या ड्रमरांनी केलं. ते पहिल्याच दिवशी ऐकायला जाऊ नये, कान तयार व्हायला वेळ द्यावा.

१९६३मध्ये ड्रमर टोनी विल्यम्स माइल्सकडे आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. बेसवर रॉन कार्टर, पियानोवर हर्बी हॅनकॉक आणि नंतर सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर यांच्यासह हा पाच जणांचा बँड वेग मध्येच दुप्पट-निम्मा करतो, कॉर्ड सोडतो, पुन्हा धरतो, आणि सगळं डोळ्यांच्या खुणेवर. माझ्या कानाला आधुनिक जॅझचं शिखर हेच आहे. पुढे १९६९च्या ऑगस्टात 'बिचेस ब्रू' मुद्रित झालं: इलेक्ट्रिक पियानो, इलेक्ट्रिक बेस, दोन-दोन ड्रमर, आणि झुलत्या सिंबलऐवजी रॉकचा सरळ ठेका. त्यातला गिटारवाला जॉन मॅकलॉफ्लिन पुढे महाविष्णू ऑर्केस्ट्रा करून, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती'त बसला. तो स्वतंत्र विषय आहे, इथे उरकण्यासारखा नाही.

आता ऐकायचं कसं. बारा बारांचा ब्लूज हा एकच साचा धरा, कारण तो प्रत्येक शैलीत वाजला आहे. बोटांच्या पेरांवर बारा मोजता येतात, बाकी काही लागत नाही. पहिल्यांदा बेसीची १९३७ची 'वन ओ'क्लॉक जंप' लावा आणि चारही मात्रा कोण कोण वाजवतंय ते मोजा. मग पार्करची 'नाउज द टाइम', 'को-को'च्याच दिवशी मुद्रित झालेली. हिच्या चालीवरून १९४९मध्ये 'द हकलबक' नावाची नाचाची रेकॉर्ड गाजली, तेव्हा पार्करवर पाय हलत नाही असं म्हणण्याआधी ती ऐकाच. त्यानंतर त्याचीच १९५१ची 'ब्लूज फॉर ॲलिस', जिथे त्याच बारा बारांत कितीतरी जास्त कॉर्ड कोंबले आहेत. मग माइल्सची १९५४ची 'वॉकिन', तेरा मिनिटांची. ड्रमवर केनी क्लार्कच आहे, नुसता त्याचा सिंबल ऐकत शेवटपर्यंत जा. मग 'काइंड ऑफ ब्लू'वरची 'ऑल ब्लूज', सहा मात्रांत झुलणारी, पहिले चार बार एकाच कॉर्डवर. शेवटी ऑर्नेटची १९५९ची 'टर्नअराउंड'. तिथेही बारा बार आहेत, फक्त पियानो नाही, म्हणून कॉर्ड कुठे बदलला हे तुम्हाला बेसवरूनच ओळखावं लागेल.